दोर माझ्या हातात होता

सर्व लहानथोर, खास व आम यांस जाहीर करण्यात येते की, चांदा शहरातल्या निम्म्याअधिक अंगणांतली झाडं ज्याने वीस उन्हाळे छाटली, तो मानकू झाडावरून पडून मेलेला नाही. तो नदीपलीकडच्या आपल्या गावी, आपल्या बाजेवर, जमिनीपासून फक्त दीड हात उंचीवर, तापाने गेला. 'हा एक दिवस वरून पडणार' असं ज्यांनी ज्यांनी पानठेल्यावर छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यांनी आपापलं भाकीत मुकाट्याने मागे घ्यावं. हरकत असल्यास कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझ्या पेटीपाशी येऊन तोंडी कळवावी. लेखी अर्ज घेतला जाणार नाही, कारण तो मलाच लिहावा लागेल.

झालं, मानकू. जाहीर करून टाकलं. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिता लिहिता माझ्या तोंडून साधी गोष्टही शिक्का मारूनच बाहेर पडायला लागली. तू म्हणायचास, "भाऊ, तुमी पानी मांगता तरी वारंट निघाल्यावानी वाट्टे."

तुझी बातमी मला माघात कळली. चामोर्शीकडून हिरडा घेऊन आलेला एक गाडीवाला अर्ज लिहून घ्यायला बसला होता. त्याने गाव सांगितलं ते तुझ्या गावाला लागूनच होतं, म्हणून मी सहज म्हटलं, "मग मानकू कसा आहे? होळी झाली की येईलच आता."

"थो नाई येत आता," तो म्हणाला. "पुसातच गेला ना जी थो."

आता जे लिहितो ते वाचून लोक मला नावं ठेवतील. ठेवू देत. रडू नंतर आलं. त्याच्या आधी, अगदी आधी, डोक्यात एकच शब्द आला. सुटलो.

कशातून सुटलो ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक गेला. मी तोंड उघडलं नसतं तर ते तुझ्याबरोबरच मातीला मिळालं असतं. मला गप्प बसता येत नाही हे साऱ्या चांद्याला माहीत आहे, पण या एका बाबतीत मी सात वर्षं गप्प बसलो होतो. आणखी वीस सहज बसलो असतो. दोन दिवस मी सुटलेल्या माणसासारखं वागून पाहिलं. जेवलो, हसलो, चौकात उभा राहून दोन गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "मी मानकूच्या गावी जाऊन येतो. बुधीबाईला भेटून येतो."

"जाच," ती म्हणाली. "त्याची बायको एकटी पडली असेल. माझं जुनं लुगडंकपडं काही देऊ का बरोबर?"

तिला वाटलं मी सांत्वनाला निघालोय. मी सांगायला निघालो होतो. ती तुझी दोन बोटं कशी गेली, ते.

पण त्याआधी मला तुझ्याशी बोलू दे. गेलेल्या माणसाला आपलं बोलणं मध्येच तोडता येत नाही, हा एक फायदा असतो. तू तर जिवंतपणीही कमीच तोडायचास.

आपली पहिली भेट आठवते? आम्ही ते घर नुकतंच घेतलं होतं आणि घरामागे ती चिंच होती, एवढी थोरली की घर तिने ठेवून घेतल्यासारखं वाटायचं. कुणीतरी म्हणालं, होळीनंतर नदीपलीकडून एक गोंड येतो, झाडं छाटतो, त्याला बोलवा. तू आलास. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात करवत, कमरेला कुऱ्हाड, मागे तुझा मेव्हणा लालसू. मी म्हटलं, चढ. तू चढेनास.

तुझी रीत अशी की पहिली काडी तू तोडायची नाही. घरच्या माणसाने यायचं, बुंध्याला हात लावायचा, कशासाठी कापतो आहोत ते झाडाला तोंडाने सांगायचं आणि पहिली डहाळी आपल्या हाताने मोडायची. मग तू चढणार. मला हसू आलं.

"अर्ज लिहून देऊ का झाडाला?"

"लिवून नाई चालत," तू म्हणालास. "झाडाले वाचता नाई येत. मले बी नाई येत. तोंडानं सांगा."

मी बुंध्याला हात लावला आणि कचेरीच्या थाटात सुरू केलं, की सदर वृक्षाच्या फांद्यांमुळे अर्जदाराची कौलं फुटत असून... तू वर पाहिलंस, छपराकडे. "कौलं तं साबूत आहेत."

लालसू तोंडावर हात धरून हसत होता. मी दोन-तीन कारणं आणखी फेकून पाहिली. एकही चालेना. शेवटी कमल आत गेल्याची खात्री करून मी खालच्या आवाजात चिंचेला म्हणालो, "दिवे लागले की मला तुझी भीती वाटते."

"हां," तू म्हणालास. "हे खरं आहे. मोडा काडी."

त्या रीतीपायी तू किती कामं घालवलीस. ते वकीलसाहेब आठव. त्यांच्या आवारातला कडुलिंब मुळापासून दोन हात सोडून कापायचा होता. साहेबांनी झाडाला सांगितलं, हवा येत नाही. तू वाट बघत राहिलास. मग साहेब म्हणाले, पानं पडतात. तू वाट बघत राहिलास. सावली त्यांच्या भावाच्या अंगणात पडते आणि भाऊ तिथे बाज टाकून आरामात झोपतो, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं, पण ते साहेबांच्या तोंडून निघेना. तू दोर खांद्यावर टाकलास आणि निघालास. साहेब मागून ओरडले, "अरे, झाड माझं आहे." तू म्हणालास, "हो जी. तुमी कापा." आणि मोहाच्या झाडाला तर तू कुणाच्याच सांगण्यावरून हात लावला नाहीस. म्हणायचास, जे आपणहून देतं त्याच्यापाशी कुऱ्हाड घेऊन जायचं नसतं.

तुझं काम बघायला मी कचेरी बुडवून येत असे. मोठी फांदी तू कधी धाडकन पाडली नाहीस. तिला दोर बांधायचा, दोर वरच्या बेचक्यातून घालून खाली आणायचा, अंगणातल्या दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि टोक लालसूच्या हातात. मग आधी खालच्या बाजूने करवत, म्हणजे साल ओरबाडत नाही, मग वरून. फांदी जिथे खोडातून निघते तिथल्या फुगीर गाठीला तू फांदीचं मनगट म्हणायचास. ती गाठ कापायची नाही, तिच्यापुढे खुंटही ठेवायचा नाही. "मनगट ठेवलं का झाड आपलं आपन भरून घेते," असं म्हणत तू त्या जागेवर शेणमातीचा हात फिरवायचास, लेकराच्या गुडघ्यावर फिरवावा तसा.

तू वर असलास की खाली दोन कायदे. एक, बोलायचं फक्त तू. दुसरा, दोर ज्याच्या हातात त्याने दोराकडेच बघायचं. वर नाही, इकडेतिकडे नाही. तिसराही एक कायदा होता. तो मला त्या दिवशी कळला.

सात वर्षांपूर्वीच्या त्या वैशाखात, आदल्या संध्याकाळी वादळ झालं. गारा पडल्या, चौकातले पत्रे उडाले आणि चिंचेची सगळ्यात थोरली फांदी, मागच्या खोलीवर गेलेली, मुळाशी उभी चिरली. पडली नाही. अर्ध्या लाकडावर लोंबकळत राहिली, कौलांच्या वर चार हातांवर. सकाळी आम्ही खाली उभं राहून वर बघितलं तेव्हा ती मधूनमधून बोलत होती. कर्र. मग थांबायची. मग पुन्हा कर्र.

आणि त्या खोलीत कमल होती. पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या. राधाबाई सुईण आत होती. मी दारातून म्हटलं, आपण हिला पुढच्या खोलीत नेऊ. राधाबाई म्हणाली, "पोर आडवं आहे. मी त्याले फिरवून राह्यली. आता हिले उचलाल तं दोघंबी जातीन." मी म्हटलं, बाजेसकट उचलू. ती म्हणाली, "उंबऱ्याच्या भाईर नाई." वर काय लोंबतंय ते मी तिला सांगितलं. तिने एकदा छपराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग तुमी तुमचं काम करा, मी माहं करतो."

तू आमच्याच ओसरीवर उतरला होतास. लालसू तेंदूपत्त्यासाठी तीन दिवसांपूर्वी गावी गेला होता. तू चिरेकडे पाहिलंस, आभाळाकडे पाहिलंस. दुपारपर्यंत पुन्हा वारा सुटणार हे मलाही दिसत होतं. तू विचारलंस, "दोर कोन धरन?"

शेजारचे दोघे पुढे झाले. चांगले दणकट, रोज पोती उचलणारे. मी म्हटलं, मी धरणार.

"तुमी नाई, भाऊ," तू म्हणालास. "ज्याचं मानूस आत आहे त्याच्या हाती आमी दोर देत नाई."

हा तो तिसरा कायदा. आणि मी काय केलं? मी शेजाऱ्यांच्या देखत छाती काढली. नाटकात मी राजाची कामं करतो ना. मंडईच्या जत्रेतल्या मंडपात माझी गदा घरच्या दिव्यापेक्षा जास्त चकाकते. म्हटलं, माझं घर, माझी बायको, माझं लेकरू, आणि दोर दुसऱ्याच्या हातात? लोक काय म्हणतील? तू म्हणालास, "लोकं काईच म्हनत नाई. दोर धरनाऱ्याकडं कोनी पाहत नाई." मी ऐकेना. तेवढ्यात वारा हलला आणि वरून कर्र असा लांब आवाज आला. भांडायला वेळ उरला नाही. तू माझ्याकडे बघत राहिलास, मग दोराचं टोक माझ्या हातात दिलंस.

"तोंड बंद ठेवसाल?"

"ठेवतो."

"अन् डोरे?"

"डोळे दोराकडेच."

शेजाऱ्यांना तू घराच्या पुढच्या बाजूला पाठवलंस, म्हणजे गर्दी नको. मग बुंध्याकडे बोट केलंस. मी हात लावला. त्या दिवशी झाडाला कारण सांगायला मला वेळ लागला नाही. म्हटलं, "आत माझी बायको आहे." काडी मोडली. तू चढलास.

मानकू, त्या दोन तासांसारखं काम तू आयुष्यात दुसरं केलं नसशील. चिरलेल्या फांदीवर तुला वजन टाकता येत नव्हतं. शेजारच्या फांदीवर पोटाने सरकत तू तिच्या टोकापाशी गेलास आणि टोकाकडून तिला हलकी करत आलास. एक डहाळी, बांध, काप, उतरव. दुसरी. दोर जांभळीच्या बुंध्याला दोन वेढे घेऊन माझ्या हातात येत होता आणि मी तो वीत वीत सोडत होतो. तू वरून फक्त दोन शब्द बोलत होतास. "सोडा." "थांबा." "सोडा." "थांबा." मी दोराकडे बघत होतो. आतून कमलचा आवाज येत होता. मी दोराकडे बघत होतो. मग तिचा आवाज बंद झाला आणि राधाबाईचाही बंद झाला. मी दोराकडे बघत होतो. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला, तो मी पुसला नाही.

शेवटी उरला ओंडका. माणसाच्या कवेत न मावणारा, तीन हात लांब, चिरेजवळचा. तो कापला की सगळं वजन एकदम दोरावर येणार होतं. तू दोन ठिकाणी गाठी मारल्यास. उजव्या हाताने करवत आणि ओंडका फिरून खोडावर आपटू नये म्हणून डावा हात त्याच्यावर ठेवलेला. करवतीचा आवाज बदलला, लाकूड संपत आलं की बदलतो तसा. तू म्हणालास, "आता वजन येईन. थांबा. थांबा."

वजन आलं. दोर ताठ झाला, मी मागे रेललो, पाय मातीत रुतले, धरला. अगदी नीट धरला. आणि तेवढ्यात आत ते रडलं.

मी बघितलं.

एवढंच झालं. मान फिरली, दाराकडे. किती वेळ? एक श्वास. हातांनीही तिकडेच बघितलं असावं, कारण दोर पळाला. जांभळीच्या बुंध्यावरून सरसरत, तळहातांची कातडी घेऊन, हात-दीड हात पळाला आणि वर लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. दबका, मऊ. लाकडाचा आवाज इतका मऊ नसतो हे मला तेव्हाही कळलं.

तू ओरडला नाहीस. तू म्हणालास, "सोडू नका." साध्या आवाजात, ताटात भात वाढताना 'पुरे' म्हणावं तसं. मी दोर पोटाशी आवळून खाली बसलो. ओंडका कौलांना शिवून थांबला होता. एक कौल घरंगळत आलं आणि माझ्यासमोर फुटलं.

"आता सोडा," तू म्हणालास. "हळू. दोराकडं पाहा."

मी सोडत गेलो. ओंडका अंगणात टेकला. मग छपराकडे नजर गेली, तर कौलांवर लाल थेंब पडत होते, एकामागून एक.

तू एका हाताने उतरलास. शेजारी धावत आले. काय झालं, काय झालं? मी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच निघालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तू हाताला दुपट्टा गुंडाळत म्हणालास, "माहाच हात चुकला. येळेवर काहाडला नाई." तेवढ्यात राधाबाई दारात आली. "पोरगी आहे," ती म्हणाली. "दोघीबी बऱ्या आहेत. अन् हे रगत कोनाचं?"

डॉक्टरांनी दोन बोटं काढली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. तू दवाखान्यातल्या बाकावर बसून मला विचारलंस, "पोरीचं नाव काय ठेवता?" त्या क्षणी मी बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी नाव सांगितलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तू बाकड्यावर बसून ते ऐकत होतास. आठ दिवस मी गप्प होतो. नवव्या दिवशी चहाच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, काय हो, ऐकलं तुमच्याकडे मोठा प्रसंग झाला? आणि माझी जीभ आपली आपण उठली. वारा आला, फांदी कडाडली, आत कळा, बाहेर मी, हातात दोर. लोक पुढे सरकले. मी उभा राहिलो. दोर कसा आवळला ते करून दाखवलं. तळहात दाखवले, कातडी गेलेले, आणि लोक वाहवा म्हणाले. मानकूने हात काढायला उशीर केला, एवढं एक वाक्य मी घाईघाईने उरकलं. तेही तुझंच होतं, मी फक्त उचललं, असं मी मनाला सांगत असे.

दरवर्षी ती गोष्ट वाढत गेली. आणि दरवर्षी होळीनंतर तू येऊन त्याच बाकड्यावर बसायचास, तीन बोटांनी बशी धरायचास. माझं काही राहिलं तर आठवण द्यायचास. "भाऊ, ते गारांचं राह्यलं." लोक हसायचे, तूही हसायचास. मी तुझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहायचो. राग, टोमणा, काहीही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तू उंच झाडावर चढला नाहीस. मोठी करवत दोन्ही हातांनी रेटावी लागते. तू पेरू छाटलेस, लिंबू छाटलेस, कुणाच्या कुंपणाची मेंदी. वर लालसू जायचा आणि खाली दोर तू धरायचास, उरलेल्या बोटांनी. तुझी नजर त्या दोरावरून एकदाही हललेली मी पाहिली नाही. मी समोरच बसलेला असायचो. बघावंसं वाटायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

माझी पोरगी तुला मामा म्हणायची. चार वर्षांची असताना तिने तुझा हात मांडीवर घेऊन बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि विचारलं, "मामा, तुझी दोन कुठं गेली?" मी तिथेच सुपारी कातरत होतो. अडकित्ता थांबला.

"झाडाले देल्ली," तू म्हणालास.

"परत माग."

"देल्लेलं मांगत नाई, बाई."

तिचं समाधान झालं. ती खेळायला गेली. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

आपला एक वाद अर्धाच राहिला. त्या फांदीची जागा तू शेणमातीने लिंपली होतीस, पण मला ती रोज सकाळी तोंड धुताना दिसायची. तिसऱ्या वर्षी मी म्हटलं, ही चिंच मुळासकट काढून टाकू. तू म्हणालास, "फांदी चिरली, झाड नाई चिरलं. त्याचा काय गुना?" मी म्हटलं, उद्या दुसरी चिरेल, मी धोका घेणार नाही. मी खूप बोललो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ठीक आहे. सांगा झाडाले."

मी बुंध्याला हात लावला. मानकू, मी तिथे उभा राहिलो. पोरगी ओसरीवर भातुकली मांडून बसली होती. कमल आत ताक घुसळत होती. धोका, कौलं, वादळ, सगळी कारणं जिभेवर तयार होती आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण सांगायचं तर तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. मी हात काढून घेतला.

"मंग राहू द्या," तू म्हणालास आणि विडी पेटवलीस.

तुला तेव्हा काय वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही. तू मला वाचवलंस, की रोज बघायला ते झाड ठेवलंस? तू का बोलला नाहीस? मोठेपणा म्हणून असेल तर मला तो पेलत नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल तर ती वाटायची ती वाटलीच. की तुला ही एवढी मोठी गोष्टच वाटली नाही? सात वर्षांत मी तुला कचेरीतल्या प्रत्येक साहेबाची नक्कल करून दाखवली, हा एक प्रश्न विचारला नाही. उपकार मानायचे म्हटले तरी कशाचे मानतोय ते आधी बोलावं लागलं असतं, म्हणून तेही राहिले. घरात एक पोर आहे, ती मोठ्याने गाते, माझ्यासारखीच थापा मारते. ते तुझं देणं आहे. हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

तर मी तुझ्या गावी गेलो. मूल गावापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, मग वैनगंगेत डोंग्यात बसलो. डोंगेवाल्याने माझ्या आवाजावरून ओळखलं. मंडईत माझा दुर्योधन पाहिला होता म्हणे. म्हणाला, काहीतरी म्हणून दाखवा. मला तोंडातून शब्द काढवेना. पलीकडे उतरून चालत निघालो आणि वाटभर मनात वाक्यं जुळवत गेलो, खोडत गेलो.

बुधीबाई अंगणात उडीद पाखडत होती. लालसू होता, आणखी तीन-चार माणसं होती. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. तिने विचारलं, पोरगी कशी आहे, बाई कशी आहे. मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग म्हटलं, "बाई, मला एक सांगायचंय. त्या दिवसाचं."

"सांगा ना जी," लालसू म्हणाला आणि जवळ सरकून बसला. बाकीचेही सरकले. त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. तू त्यांना सांगितली असशील, भाऊ कशी सांगतात ते करून दाखवत. मी सुरुवात केली आणि, काय सांगू तुला, तोच आवाज लागला, मंडपातला. वारा आला, फांदी कडाडली. एकाच्या ओठावर आधीच हसू आलं होतं. मी थांबलो. पाणी प्यालो. मग खाली मातीकडे बघत, नाटक न करता सांगून टाकलं. लालसू नव्हता, दोर मी धरला. मानकू नको म्हणत होता, मी हट्टाने धरला. पोर रडलं, मी तिकडे पाहिलं, दोर सुटला. त्याने हात काढायला उशीर केला नव्हता.

लालसू हातातली काडी मोडत बसला, बारीक बारीक. बुधीबाईचं सूप थांबलं होतं.

मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ती शिव्या देईल तर खाली मान घालून ऐकायच्या. ती म्हणेल, मला माहीतच होतं, तर हात जोडायचे.

"पुन्ना सांगा," ती म्हणाली. "त्याचा हात नाई चुकला?"

"नाही."

"दोर सुटला?"

"सुटला."

"तुमच्या हातून?"

"माझ्या हातून."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या तुझ्या बाजेकडे बघत होती. तिचा चेहरा कसा होता ते मला लिहिता येणार नाही. मी अर्जात लोकांची दुःखं लिहितो, ती साधी असतात. सुपातले उडीद एका कडेने सांडायला लागले होते आणि तिच्या ते लक्षात नव्हतं.

"म्हंजे सात वर्सं," ती एकदम म्हणाली, "मी त्याले आंधळा, येंधळा, बिनकामाचा म्हनून उगाच शिव्या देल्ल्या."